‘गेला असेल’, ‘जावं लागलं’, ‘जायला हवं होतं’: इंग्रजीत मुलांना कसं शिकवावं?

खडूफळा:
मराठी माध्यमाच्या नववीसाठी मोडल क्रियापदांचा, म्हणजे कॅन, मस्ट, शुड अशा साहाय्यक क्रियापदांचा सराव तयार करतोय. गो, कम, लीव्ह, वॉक, रीच अशी जाण्यायेण्याची क्रियापदं घेतली, कारण त्यांवर मुलांना वाक्यं पटकन सुचतात. ‘शी मस्ट गो’पर्यंत अडत नाही. भूतकाळ आला की ‘तो गेला असेल’चं ‘ही वुड हॅव गॉन’ होतं आणि ‘मला जावं लागलं’चं ‘आय मस्ट वेंट’. लांबलचक नियम न देता हे कुठून सुरू करावं? आणि ‘कुड गो’ नेमकं कधी चुकतं?

शब्दयोगी:
‘मस्ट वेंट’ का होत नाही, तिथूनच सुरू करा. मोडलच्या लगेच नंतर क्रियापदाचं मूळ रूपच येतं: ‘गोज’ नाही, ‘वेंट’ नाही, ‘टू गो’ही नाही. मग भूतकाळ दाखवायचा कुठे? मोडलनंतर ‘हॅव’ आणि तिसरं रूप, म्हणजे ‘हॅव गॉन’. एवढं बसलं की फळ्यावर वाक्य लिहा आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा: तो गेला का?

‘ही मस्ट हॅव गॉन’: बहुतेक हो, चप्पल दारात नाही म्हणजे गेला असणार.
‘ही माइट हॅव गॉन’: सांगता येत नाही, गेला असेल कदाचित.
‘ही कांट हॅव गॉन’: शक्यच नाही, गाडीची किल्ली इथेच आहे. इथे मुलं ‘मस्टंट हॅव गॉन’ लिहितात, ते टाळा.
‘ही शुड हॅव गॉन’: नाही गेला, जायला हवं होतं.
‘ही वुड हॅव गॉन’: नाही गेला. गेला असता, पण काहीतरी आडवं आलं. या वाक्यामागे ‘इफ’ची अट असते, उघड किंवा मनातली. आपल्याकडे ते अंदाजासाठीही सर्रास बोललं जातं, पण नववीत अंदाजाला ‘मस्ट’ आणि अटीला ‘वुड’ अशीच वाटणी ठेवा.
‘ही हॅड टू गो’: हो, गेलाच. जावं लागलं.

‘कुड हॅव गॉन’ शेवटी घ्या. त्याचे अर्थ दोन: ‘जाऊ शकला असता, पण गेला नाही’ आणि ‘गेला असण्याची शक्यता आहे’. आधी घेतलं तर सगळी घडी विस्कटते.

पूर्णविराम:
‘कुड’बद्दल. भूतकाळात एखादी गोष्ट एरवी जमायची, तिथे ‘कुड’ बरोबर: ‘शी कुड वॉक ॲट टेन मंथ्स’. पण एका विशिष्ट वेळी जमली असेल, तर ‘कुड’ चालत नाही. ‘पाऊस होता तरी आम्ही वेळेत पोहोचू शकलो’ याला ‘वी वर एबल टू रीच’ किंवा ‘वी मॅनेज्ड टू रीच’ म्हणावं. नकारात मात्र हा भेद उरत नाही, ‘वी कुडंट रीच ऑन टाइम’ बिनधास्त चालतं. ‘पोहोचू शकलो’ हे एकच मराठी रूप डोक्यात असल्यामुळे ही चूक कॉलेजपर्यंत टिकते.

जाता जाता ‘टू’ही तपासा. ‘रीच टू स्टेशन’ नको, ‘रीच द स्टेशन’. ‘गो टू होम’ नको, ‘गो होम’. ‘पुण्याला निघायचं आहे’ हे ‘लीव्ह फॉर पुणे’. नुसतं ‘लीव्ह पुणे’ म्हटलं की पुणं सोडलं.

अनुस्वार:
नकार वेगळा तास घेऊन शिकवा. ‘यू मस्टंट गो’ म्हणजे जायचं नाही, मनाई आहे. ‘यू डोंट हॅव टू गो’ म्हणजे जायची गरज नाही, हवं तर जा. सूचनांमध्ये यांची अदलाबदल झाली तर अर्थ उलटतो. भूतकाळात आणखी एक बारकावा आहे: ‘यू नीडंट हॅव गॉन’ म्हणजे गेलास, पण उगाच गेलास. ‘यू डिडंट हॅव टू गो’ यात गेला की नाही ते कळत नाही.

खडूफळा:
‘तो गेला का?’ हा प्रश्न फारच कामाचा आहे, धन्यवाद. निरोप घेताना आपण ‘येतो’ म्हणतो, त्याचं काय?

शब्दयोगी:
तिथे ‘आय ॲम कमिंग’ नको. ऐकणाऱ्याला वाटेल, तुम्ही त्याच्याकडे येताय. ‘आय शुड गेट गोइंग’ किंवा ‘आयड बेटर गो’ म्हणा. या दुसऱ्यातला ‘ड’ हा ‘हॅड’चा आहे, तरी त्यानंतर मूळ रूपच. ऐकणारा जिथे आहे किंवा असेल तिथे जायचं असेल तर ‘कम’ हवं: ‘आय कॅन कम टू युअर ऑफिस ॲट फाइव्ह’. हे मराठीसारखंच आहे, म्हणून मुलांना जड जात नाही.

पूर्णविराम:
श्रुतलेखनही घ्या. ‘कॅन गो’ बोलताना ‘कन्‌ गो’ होतं आणि जोर ‘गो’वर पडतो, ‘कांट गो’मध्ये ‘कांट’वरही जोर असतो. ‘कॅन’वर जोर देऊन बोललं तर समोरच्याला नकार ऐकू येऊ शकतो. ‘शुड हॅव’चं ‘शुडव्ह’ होतं, त्यातून लिहिताना ‘शुड ऑफ’ ही चूक येते. ‘हॅव टू’ तर ‘हॅफ्टू’च ऐकू येतं. दहा वाक्यं मिसळून वाचा, मुलांनी फक्त गेला, नाही गेला की नक्की नाही एवढंच लिहायचं.