ओस्लोचा किनारा मोकळा कसा झाला, आणि डोंगर कसे वाचले?

कोथरूडकर: पुढील महिन्यात मुलीकडे ओस्लोला जाण्याचा योग आहे. तिने पाठवलेल्या छायाचित्रांत लोक भर शहरात, अगदी पाण्याला लागून, उन्हात बसलेले दिसतात आणि मागे जंगलाने झाकलेले डोंगर दिसतात. राजधानीच्या काठावर बंदर, रेल्वे आणि महामार्ग यांची गर्दी असायला हवी. मग ही जागा आली कुठून? आणि डोंगरांवर घरे का चढली नाहीत? वेताळ टेकडीवरून आपल्याकडे पुण्यात चाललेले वाद पाहता हा दुसरा प्रश्न मला अधिक सतावतो.

काठावरचा: ती जागा आयती नव्हती. पूर्वी नगरभवन आणि फ्योर्ड (जमिनीत खोलवर शिरलेली समुद्राची खाडी) यांच्या मधूनच मोठा रस्ता धावत असे. १९९० साली ती वाहतूक आकर्शहूस किल्ल्याखालच्या बोगद्यात गेली आणि काही वर्षांतच नगरभवनासमोरचा चौक पादचाऱ्यांना मिळाला. १९९० मध्येच शहरात शिरणाऱ्या मोटारींवर चहूबाजूंनी टोल बसला व रस्त्यांच्या कामांना त्यातून पैसा मिळू लागला. (टोलचे नाव काढताच आपल्या कपाळावर आठ्या पडतात, हे मला ठाऊक आहे.) पूर्वेला ब्योर्विका येथे तर बोगद्याचे तयार भाग पाण्यात बुडवून तळाशी एकमेकांना जोडले आणि २०१० मध्ये महामार्ग त्यातून नेला. जवळच २००८ मध्ये उघडलेले ऑपेरागृह आहे, ज्याच्या उतरत्या छपरावर कोणीही चालत जाऊ शकतो. पश्चिमेचे आकर ब्रिग्गे म्हणजे १९८२ मध्ये बंद पडलेल्या जहाजबांधणी कारखान्याची जागा. आपण मात्र नदीपात्रातच रस्ता केला आणि खडकवासल्यातून पाणी सोडले की तो बंद करतो.

टेकडीवरून: डोंगरांचे उत्तर ‘मार्का’ या एका शब्दात आहे. शहराभोवतीच्या जंगलाला तिथे हेच नाव आहे, आणि ओस्लो महापालिकेच्या हद्दीचा सुमारे दोन तृतीयांश भाग त्यातच मोडतो. बांधकामाची सीमा आधीपासून पाळली जात होती. २००९ मध्ये तिला स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की या जंगलाचा मोठा भाग खासगी मालकीचा आहे. मालक लाकूडतोड करतो, पण घरे बांधू शकत नाही आणि फिरायला येणाऱ्यालाही अडवू शकत नाही. टेकड्यांवरील जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाची चर्चा आपल्याकडे जमीनमालकांच्या मोबदल्यापाशी येऊन अडते, म्हणून हे मुद्दाम लिहिले. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य साठा असलेले मारिदालचे तळेही याच जंगलाच्या कडेला आहे आणि तिथे पोहण्यास मनाई आहे. त्यातून निघणाऱ्या आकर्सेल्वा नदीवर एके काळी गिरण्या चालत.

सदाशिवपेठी: दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण जरा गोडच आहेत. एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या बाजूला पाणी असल्यामुळे शहराला पसरता येत नाही, साहजिकच घरे महाग होतात आणि काठावरची तर सर्वांत महाग. ब्योर्विकात उंच इमारतींची रांग उभी राहिली तेव्हा मागच्या वस्त्या फ्योर्डपासून तुटतील म्हणून अनेकांनी विरोध केला होता. शिवाय पाणी दिसते तितके निर्धास्त नाही. ओस्लोहून समुद्राकडे जाताना लागणाऱ्या द्रोबाक येथे फ्योर्डचा तळ उंचावून जेमतेम २० मीटर खोली उरते, त्यामुळे आतले खोल पाणी सहज बदलत नाही आणि सांडपाण्याची काळजी अधिक घ्यावी लागते.

कोथरूडकर: आभारी आहे. जंगलापर्यंत चालत जावे लागेल का? गुडघे आता साथ देत नाहीत.

टेकडीवरून: मुळीच नाही. मेट्रोच्या १ क्रमांकाच्या मार्गाने फ्रोग्नरसेतेरेन या शेवटच्या स्थानकावर उतरा. समुद्रसपाटीपासून सुमारे ४७० मीटरवर, थेट झाडीतच पोहोचाल.