सोलापुरात डीव्हीबी-टी२चं स्कॅन रिकामं. फ्रिक्वेन्सी आणि पीएलपी कुठून मिळवायचे?

जुळे_सोलापूर:
लिनक्सवर टी२चा (जमिनीवरच्या टॉवरवरून येणाऱ्या डिजिटल टीव्हीचा) यूएसबी डोंगल, गच्चीवर १० मीटर उंचीवर यूएचएफ यागी अँटेना, खाली आरजी-६ केबल. ४७० मेगाहर्ट्झपासून वर सगळा बँड स्कॅन केला, एकही मल्टिप्लेक्स (एकाच फ्रिक्वेन्सीवरून येणारा चॅनेलांचा गठ्ठा) लॉक झाला नाही. फाइलमध्ये हाताने भरायला फ्रिक्वेन्सी, बँडविड्थ, मॉड्युलेशन, गार्ड इंटरव्हल आणि पीएलपी (मल्टिप्लेक्समधला उपप्रवाह) हवेत. युरोपातल्या शहरांच्या तयार याद्या मिळतात, आपल्याकडच्या नाहीत. कुठे शोधू?

उंच_मास्ट:
आधी अंतर बघा. २०१६ मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत टी२ सुरू केलं, त्यात महाराष्ट्रातली दोनच: मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. त्यातल्या त्यात जवळचं संभाजीनगर, तेही सरळ रेषेत सुमारे २५० किमी.

यूएचएफचा पल्ला किलोमीटरमध्ये साधारण ४.१२ × (√ट्रान्समीटरची उंची + √अँटेनाची उंची), उंची मीटरमध्ये. तुमचे १० मीटर धरून २५० किमी गाठायचे तर ट्रान्समीटर तुमच्यापेक्षा सुमारे ३,३०० मीटर उंचावर हवा. कळसूबाई १,६४६ मीटर आहे! बूस्टरवर पैसे घालू नका. अँटेनात सिग्नलच नसेल तर बूस्टर फक्त नॉइज वाढवतो.

पीआयडी_१६:
अंतराचं बरोबर आहे. पण डेटाचा प्रश्न मुंबईला डोंगल नेलात तरी येणारच, म्हणून सांगतो. तुमच्या यादीतलं बरंचसं भरावंच लागत नाही. टी२मध्ये प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीचा पी१ सिम्बॉल आणि त्यामागचं, सिग्नलची रचना सांगणारं एल१ सिग्नलिंग वाचून डोंगल एफएफटी, गार्ड इंटरव्हल, मॉड्युलेशन स्वतः ओळखतो. तुम्ही द्यायचं ते मध्य फ्रिक्वेन्सी आणि बँडविड्थ. पीएलपी एकापेक्षा जास्त असतील तर त्याचा क्रमांक.

यूएचएफमध्ये मध्य फ्रिक्वेन्सी = ३०६ + ८ × चॅनेल क्रमांक. चॅनेल ३४ म्हणजे ५७८ मेगाहर्ट्झ, बँडविड्थ ८. सॉफ्टवेअरमध्ये देश चुकीचा निवडला तर ते ६ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी शोधतं आणि समोर चांगला सिग्नल असूनही लॉक लागत नाही. शिवाय डोंगलमध्ये नुसती आरटीएल२८३२यू चिप असेल तर तो फक्त जुना डीव्हीबी-टी घेतो, टी२ नाही. हे आधी तपासा.

युरोपच्या याद्या ज्या जीई०६ आराखड्यावर (२००६ चा फ्रिक्वेन्सीवाटपाचा आंतरराष्ट्रीय करार) उभ्या आहेत, त्यात भारत नाही. एकदा लॉक लागला की खरी यादी प्रवाहातच असते: पीआयडी (पॅकेटचा ओळखक्रमांक) १६ वर एनआयटी, म्हणजे नेटवर्क आणि फ्रिक्वेन्सीचा तक्ता, १७ वर एसडीटी, म्हणजे चॅनेलांच्या नावांचा तक्ता. एनआयटी कधी कधी जुनी राहिलेली असते. तिच्यातली फ्रिक्वेन्सी आणि जिथे लॉक लागला ती वेगळी निघाली तर लॉकची खरी धरा.

उंच_मास्ट:
सराव सोलापुरातच करता येईल. एस२ (सॅटेलाइटचा) ट्यूनर घ्या आणि डिश, डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत सेवेच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे, ९३.५ अंश पूर्वेला लावा. खऱ्या उत्तरेपासून सुमारे १३४ अंश, म्हणजे जवळपास आग्नेय. क्षितिजापासून ६१ अंश वर. ऑफसेट डिशचं तबक त्या मानाने बरंच उभं दिसतं, त्याने गोंधळू नका. ११०९० मेगाहर्ट्झ, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. एलएनबीचा (डिशसमोरचा रिसीव्हर) ९७५० वजा जाऊन केबलमध्ये १३४० उतरतो. एनआयटी, एसडीटीची रचना तीच.

जुळे_सोलापूर:
लॉक लागला, आभारी आहे. एनआयटीत टॅग ४३ खाली ०११०९००० दिसतंय. हेक्स समजून बदललं तर १,७८,६२,६५६ येतं. हे कुठलं एकक?

पीआयडी_१६:
बदलूच नका. सॅटेलाइटच्या नोंदीत फ्रिक्वेन्सी बीसीडीत असते, म्हणजे दिसणारा प्रत्येक अंक थेट दशमान अंकच असतो. तिसऱ्या अंकानंतर दशांश चिन्ह द्या: ०११.०९००० गिगाहर्ट्झ. टेरेस्ट्रियलमध्ये (जमिनीवरच्या टॉवरच्या प्रसारणात), टॅग ५ए खाली, उलट आहे. तिथे साधा हेक्स आकडा, एकक १० हर्ट्झ. ०३७१एफ५४० म्हणजे ५,७८,००,०००, गुणिले १० केलं की ५७८ मेगाहर्ट्झ. टी२साठी टॅग ७एफ आणि त्याच्या आत विस्तार-टॅग ०४ बघा, पीएलपीचा क्रमांक तिथेच मिळेल.