कोमो तलावाकाठचे व्हिला: खाजगी बोट घ्यावी की नको?

प्रेषक: एक नवीन सभासद
सोमवार, रात्री

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात माझे सासू-सासरे येत आहेत. मिलानला चार दिवस मुक्काम आहे आणि त्यातला एक पूर्ण दिवस कोमोच्या तलावासाठी राखून ठेवलाय. बाबांची सगळी नोकरी इमारतींच्या बांधकामावर गेली, त्यामुळे जुनं घर दिसलं की ते आधी पाया बघतात, मग छप्पर. आईंचा जीव बागेत. गुडघे मात्र दोघांचेही कुरकुरतात.

तलावाकाठचे जुने व्हिला बोटीतून बघायचे असं ठरवलंय. एक बोटवाला दोन तासांत दहा व्हिला दाखवतो म्हणतो. दुसरा अर्ध्या दिवसाची बोट देतो, पण म्हणतो चारच बघा. पैशांत बराच फरक आहे. बोटीतून नुसतं बाहेरून बघण्यात अर्थ आहे का? कुठे उतरता येतं? सकाळ बरी की दुपार? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा.

---

प्रेषक: तलावाजवळ राहणारा जुना सभासद
मंगळवार, सकाळी

ताई,

अर्ध्या दिवसाची बोट घ्या आणि चारच बघा. का, ते जरा सविस्तर सांगतो. या तलावाकाठी राहून मला बरीच वर्षं झाली, तरी हा विषय निघाला की माझं लिहिणं लांबतं.

बाहेरून बघण्यात अर्थ आहे का, हे तुम्ही विचारलंत ते छान झालं. या घरांचं तोंडच पाण्याकडे आहे. ती बांधली तेव्हा मालक, पाहुणे, धान्य, संगमरवर, सगळं नावेतून यायचं. मुख्य दरवाजा म्हणजे पाण्यात उतरणारा दगडी जिना, आणि त्याच्या शेजारी नाव आत घेण्यासाठी कमानीखालची गोदी. गाडीरस्त्याने गेलात तर बहुतेक ठिकाणी उंच भिंत, लोखंडी फाटक आणि घराची पाठ दिसते. ट्रेमेझ्झोच्या व्हिला कार्लोट्टाचा दुहेरी जिना सरळ तलावात उतरावा तसा रचलेला आहे, पण आता मधून रस्ता जातो. काठावर उभं राहिलं की तो जिना तुटका वाटतो. पाण्यातून पाहिलं की रस्ता नजरेआड होतो आणि जिना, गच्च्या, घर असं एकावर एक नीट बसतं. तुमच्या बाबांना हे मुद्दाम दाखवा.

सकाळीच निघा. दोन कारणं आहेत. एक म्हणजे वारा. इथे पहाटे उत्तरेकडून 'तिवानो' वाहतो आणि तो ओसरला की दक्षिणेकडून 'ब्रेव्हा' सुरू होतो. हवा चांगली असेल तर दुपारी ब्रेव्हा चांगलाच जोर धरतो, पाणी हेलकावतं आणि छोट्या बोटीत बसलेल्याच्या कंबरेला धक्के बसतात. दुसरं कारण ऊन. पश्चिम काठावरची घरं पूर्वेकडे बघतात, म्हणून सकाळचं ऊन थेट त्यांच्या दर्शनी भिंतीवर पडतं. दुपारनंतर मागच्या डोंगराची सावली पुढे सरकते आणि तीच घरं करडी दिसायला लागतात.

आता चार कोणते. कोमो शहरातून निघालात तर पश्चिम काठावर चेर्नोब्बिओला व्हिला देस्ते लागेल. कार्डिनल तोलोमेओ गाल्लिओ याच्यासाठी १५६८ च्या सुमारास तो बांधला गेला. १८१५ मध्ये इंग्लंडच्या युवराजाची दुरावलेली पत्नी, ब्रुन्सविकची कॅरोलाइन, हिने तो विकत घेतला आणि आजचं नावही तिनेच दिलं. १८७३ पासून तिथे हॉटेल आहे, तेव्हा पाण्यातूनच बघायचं. मागच्या उतारावर छोटे बुरूज आणि तटबंदी दिसेल. हा खरा किल्ला नव्हे. कॅरोलाइनच्या आधीची मालकीण पूर्वी नर्तकी होती. नेपोलियनचा सेनापती असलेला नवरा मोहिमेवरून परतला, तेव्हा त्याला लुटुपुटूच्या लढाया खेळता याव्यात म्हणून तिने हे बांधून घेतलं.

मग बोट पूर्व काठाला, टोर्नोच्या पुढच्या खोबणीत न्यायला सांगा. तिथे व्हिला प्लिनियाना आहे. काळसर, भव्य, मागे सरळसोट कडा, आणि सकाळी पूर्ण सावलीत. बरेच नावाडी हा टाळतात, कारण फोटो उजळ येत नाहीत. माझ्या मते तलावावरची सर्वांत विलक्षण जागा हीच. घर सोळाव्या शतकातलं असलं तरी नाव दोन हजार वर्षं जुन्या माणसाचं आहे. धाकटा प्लिनी हा रोमन लेखक कोमोचाच. इथल्या झऱ्याबद्दल त्याने एका पत्रात लिहिलंय: पाणी दिवसातून तीनदा चढतं आणि उतरतं. कोरड्या दगडावर अंगठी ठेवा, पाणी हळूहळू येऊन ती झाकतं आणि मग पुन्हा उघडी करतं. चुनखडीच्या डोंगरात पोकळ्या असतात. त्या ठरावीक पातळीपर्यंत भरल्या की वक्रनळीसारख्या एकदम रिकाम्या होतात, असं त्याचं कारण सांगतात. प्लिनीचं घर मात्र इथे नव्हतं, बोटवाल्याने तसं सांगितलं तरी. त्याची तलावाकाठी दोन आवडती घरं होती. एकाला तो 'शोकांतिका' म्हणायचा, कारण ते शोकनाट्यातल्या नटांच्या उंच बुटांवर उभं राहावं तसं खडकावर होतं. दुसरं विनोदी नटांच्या सपाट जोड्यांसारखं अगदी पाण्याला टेकलेलं, म्हणून 'सुखांतिका'. पहिल्यातून कोळी मासे धरताना दिसायचे, दुसऱ्यात बिछान्यात पडल्या पडल्या स्वतःच गळ टाकता यायचा. ती कुठे होती हे आज कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही, पण तलावाच्या मध्यावरून दोन्ही काठ बघताना आपण नकळत ती शोधायला लागतो.

तिसरा बाल्बियानेल्लो आणि चौथा कार्लोट्टा. या दोन्ही ठिकाणी आत जाता येतं, त्यांच्याबद्दल रात्री लिहितो. लाग्लिओला बोटवाला न विचारता वेग कमी करेल आणि हॉलिवूडच्या नटाचं घर दाखवेल. बघा आणि पुढे चला. तिथे लोक राहतात.

---

प्रेषक: माजी कोषाध्यक्ष
मंगळवार, दुपारी

ताई, मी वेगळं सांगतो. कोमोहून बेलाज्योला जाणारी साधी प्रवासी बोट सुमारे दोन तास घेते, कारण ती या काठावरून त्या काठावर गावोगाव थांबत जाते. आम्ही चौघं त्याच बोटीने गेलो. वरच्या डेकवर बसलं की व्हिला देस्तेपासून पुढचं सगळं दिसतं, आणि खाजगी बोटीच्या मानाने तिकीट अगदीच किरकोळ. शिवाय बोट मोठी, त्यामुळे हलत नाही. फळी टाकतात, चालत चढायचं. खाजगी लाकडी बोटीत धक्क्यावरून खाली पाऊल टाकावं लागतं आणि त्याच क्षणी बोट सरकते. गुडघे दुखणाऱ्यांनी याचा विचार आधी करावा.

चाळीस अश्वशक्तीपर्यंतची बोट इथे परवान्याशिवाय भाड्याने मिळते, तेही तुम्हाला कोणीतरी सुचवेल. ज्येष्ठांना घेऊन ते करू नका. दुपारचा वारा आणि मोठ्या बोटींच्या लाटा नवख्याला झेपत नाहीत.

---

प्रेषक: तलावाजवळ राहणारा जुना सभासद
मंगळवार, रात्री

काकांचं गुडघ्यांबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, ते माझ्याकडून राहिलं. बोट ठरवताना विचारा: चढायला पायरी किंवा कठडा आहे का, आणि नावाडी हात धरून उतरवतो का.

पण प्रवासी बोट थांबत नाही, काका. म्हणजे धक्क्यावर थांबते, घरासमोर नाही. खाजगी बोटीचे पैसे मी वेगासाठी देत नाही, इंजिन बंद करण्यासाठी देतो. घरापासून थोडं दूर, पाच-सात मिनिटं नुसतं तरंगायचं. बोट हळूहळू आपोआप वळते आणि घराच्या बाजू एकामागून एक दिसत जातात. दोन तासांत दहा व्हिला म्हटल्यावर हे कुठून होणार?

बाल्बियानेल्लो लेन्नोच्या भूशिरावर आहे. कार्डिनल दुरिनीचा जवळच 'बाल्बियानो' नावाचा व्हिला होता. त्याने १७८७ मध्ये हा धाकटा बांधला, म्हणून बाल्बियानेल्लो. आधी तिथे फ्रान्सिस्कन मठ होता. त्याच्या चर्चची दोन घंटाघरं अजून उभी आहेत, ती पाण्यातूनच आधी दिसतात. भूशिराच्या माथ्यावर कमानींचा सज्जा आहे, त्याच्या खांबांवर वेल इतका घट्ट कातरून चढवलाय की दगडात कोरल्यासारखा दिसतो. आईंना तिथला छत्रीसारखा गोल कातरलेला ओक दाखवा. एकीकडे खिडकीतून तलाव दिसावा आणि दुसरीकडे झाडही राहावं, म्हणून ही कातरणी दरवर्षी हातांनी करतात.

शेवटचे मालक गुइदो मोंझिनो. १९७१ मध्ये ते कुत्र्यांच्या स्लेजवरून उत्तर ध्रुवावर गेले आणि १९७३ च्या पहिल्या इटालियन एव्हरेस्ट मोहिमेचे नेते होते. वरच्या मजल्यावर त्या मोहिमांचं सामान मांडलंय. १९८८ मध्ये ते गेले आणि घर त्यांनी 'फाई' या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन ठेवलं होतं. त्यांना पुरलंय तेही याच बागेत, बर्फ साठवायच्या जुन्या खोलीत. आयुष्य बर्फावर काढलेल्या माणसाला ती जागा मिळाली, हे मला दर वेळी तिथे गेल्यावर आठवतं.

वार मात्र तपासून घ्या. सहसा सोमवारी आणि बुधवारी बंद असतं. लेन्नोहून चालत जायची वाट चढाची आहे. बोटीने थेट त्याच्या जिन्याशी उतरणं केव्हाही सोपं, पायऱ्या मात्र तिथेही आहेत.

---

प्रेषक: मंडळाच्या वाचन गटातली एक सभासद
बुधवार, सकाळी

कार्लोट्टाबद्दल मी लिहू का? हा व्हिला आणि पलीकडच्या काठावरचा व्हिला मेल्झी एकत्र बघितले तर त्यांची गोष्ट कळते.

१८०१ मध्ये सोम्मारीवा नावाच्या राजकारण्याने ट्रेमेझ्झोचा हा व्हिला घेतला. त्याला नेपोलियनच्या नव्या इटालियन प्रजासत्ताकाचं उपाध्यक्षपद हवं होतं. १८०२ मध्ये ते मिळालं फ्रान्चेस्को मेल्झीला. सोम्मारीवा राजकारणातून बाजूला झाला आणि त्याने सगळं लक्ष कलासंग्रहात घातलं. पुढे १८०८ ते १८१० मध्ये मेल्झीने आपला व्हिला बांधला, तोही बेलाज्योला, जवळजवळ समोरासमोर. दोघांच्याही खिडकीतून दुसऱ्याचं घर दिसावं असा. ही गोष्ट जमिनीवर कळतच नाही. मधल्या पाण्यात बोट थांबवून मान इकडून तिकडे वळवली की कळते.

कार्लोट्टाच्या आत थोरवाल्डसेन या शिल्पकाराचा कोरीव संगमरवरी पट्ट आहे, अलेक्झांडरचा बॅबिलॉनमधला प्रवेश. मुळात तो नेपोलियनच्या गौरवासाठी ठरला होता. नेपोलियनच पडला आणि पट्ट सोम्मारीवाने घेतला. व्हिलाला नाव मात्र नंतरच्या राजकन्या कार्लोट्टाचं. आईने तिला हे घर लग्नात भेट दिलं आणि ती अवघ्या तेविसाव्या वर्षी, १८५५ मध्ये गेली. तिच्या नवऱ्याने पुढे बाग वाढवली. आज अझेलियाच्या ज्या भिंती फुलतात त्या त्याच बागेतल्या. आईंना एप्रिल-मेमध्ये नेताय, याहून चांगला काळ नाही.

मेल्झीचं घर खाजगी आहे, आत जाता येत नाही, पण बाग खुली असते आणि काठाकाठाने जवळजवळ सपाट आहे. गुडघ्यांना तीच बरी.

---

प्रेषक: एक नवीन सभासद
तीन आठवड्यांनी, रविवारी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. परवा आम्ही जाऊन आलो.

आधी एक गोष्ट, पुढे जाणाऱ्यांसाठी. पहिल्या बोटवाल्याने बुधवारचं आरक्षण घेतलं आणि बाल्बियानेल्लोला उतरवतो असं लिहूनही दिलं. त्या दिवशी तिथलं फाटक बंद असतं हे तुमच्या इथल्या उत्तरांमुळेच माहीत होतं. विचारल्यावर तो म्हणाला, बाहेरून दाखवणार होतो. आगाऊ रक्कम परत मिळवायला चार फोन लागले. मग दुसरा नावाडी धरला, शुक्रवारी सकाळी नऊला निघालो. त्याच्याकडे दोन पायऱ्यांचा लाकडी ठोकळा होता, तो धक्क्यावर ठेवून त्याने दोघांना हात धरून आत घेतलं.

प्लिनियानासमोर इंजिन बंद करायला सांगितलं तर त्याने आधी आमच्याकडे नीट बघितलं, मग स्वतःच गप्प बसला. कड्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. आई म्हणाल्या, इथे खाली किती खोल असेल? नावाडी म्हणाला, इथलं सोडा, आर्जेन्योजवळ चारशे मीटरच्याही वर. तलावाचा तळ समुद्रसपाटीच्या खाली जातो, हे ऐकून बाबांनी कठड्यावरून वाकून पाण्यात बघितलं.

बाल्बियानेल्लोला बाबा सगळ्या पायऱ्या चढले. सज्ज्याच्या खांबाला हात लावून त्यांनी वेलीची मुळं कुठून निघतात ते शोधून काढलं आणि नंतर मोंझिनोंच्या स्लेजसमोर बराच वेळ उभे राहिले. आम्ही कार्लोट्टाला पोहोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. आई अझेलियांच्या वाटेत शिरल्या, त्यांना बाहेर काढायला मला दोनदा आत जावं लागलं.

ब्रेव्हा सुरू झाला तसं काकांचं ऐकलं. खाजगी बोट तिथेच सोडली आणि मोठ्या बोटीने बेलाज्योला गेलो. फळीवरून दोघं कोणाचाही हात न धरता चढले.

मेल्झीच्या बागेत पाण्याकडे तोंड करून बसलो. बाबांनी विचारलं, सोम्मारीवाचं घर ते का, समोरचं? मी हो म्हटलं. डोंगराची सावली त्या दुहेरी जिन्यावर वरून उतरत होती, एकेक गच्ची झाकत. ती पाण्यापर्यंत येईस्तोवर बाबा उठायला तयार नव्हते, म्हणून परतीची एक बोट आम्ही जाऊ दिली.