विशेष खेळाडूंना शिकवायला येणाऱ्यांवर हंगामाची अट असावी का?

पंचवटीकर: माझं मत स्पष्ट आहे. बौद्धिक दिव्यांग खेळाडूंना शिकवायला हौसेने येणाऱ्याने पूर्ण हंगाम यायचा शब्द द्यावा, जमणार नसेल तर येऊ नये. मी नाशिकच्या मीनाताई ठाकरे स्टेडियमवर या मुलांचा धावण्याचा सराव घेतो, विनामूल्य. दिवाळीनंतर कॉलेजची मुलं येतात, प्रमाणपत्रापुरते तास भरतात आणि परीक्षा आल्या की गायब. आमची एक मुलगी शंभर मीटर जोरात पळायची, पण रेषेच्या अलीकडेच थांबायची. कारण शिकवणारा रेषेवर उभा राहून तिला बोलवायचा. तिच्या लेखी शर्यत त्याच्यापाशी संपायची. मी रेषेच्या बराच पुढे उभा राहू लागलो, तेव्हा ती वेग न सोडता रेषा ओलांडायला लागली. हे अंगवळणी पडायला आठवडे गेले. मध्येच नवा कोणी परत रेषेवर उभा राहिला की सगळं पहिल्यापासून.

सिडकोची आई: दादा, कळकळ समजते, पण पटत नाही. माझा मुलगा डाउन सिंड्रोमचा आहे. शाळा संपल्यावर त्याला हाक मारायला दारात कोणी येत नव्हतं. त्याच कॉलेजच्या मुलांतला एक जण अजून त्याला फोन करतो, फिरायला नेतो. तुमची अट असती तर तो आलाच नसता. पदकाचं एवढं काय घेऊन बसलात? पोरगं हसत घरी येतं, मला तेवढं पुरे.

पीटी शिक्षक, सातपूर: ताई, पदकाला कमी लेखू नका. १९६८ साली शिकागोत युनिस केनेडी श्रायव्हर यांनी बौद्धिक दिव्यांग खेळाडूंसाठी स्पेशल ऑलिम्पिक्स सुरू केलं, त्याची शपथच 'मला जिंकू दे' अशी सुरू होते. जिंकता नाही आलं तर धैर्याने झुंजू दे, हे त्यानंतर. प्राथमिक फेरीतल्या वेळेवरून बरोबरीच्या खेळाडूंचे गट पाडतात. सोप्या गटासाठी मुद्दाम हळू पळालेला बादही होऊ शकतो. म्हणजे स्पर्धा खरीच आहे.

पण पंचवटीकर, फुकट राबणाऱ्यावर अट कसली घालता? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३० सरकारवर खेळाची जबाबदारी टाकतं, प्रशिक्षणाच्या सुविधांना निधी द्यायला सांगतं. पगारी प्रशिक्षक मागा. आपण फुकट करत राहिलो तर ते पद कधीच भरलं जाणार नाही.

पंचवटीकर: सर, मागणी रास्तच आहे, अर्जावर मीही सही करीन. तोवर मुलांनी घरी बसायचं का?

आणि ताई, तुमच्या मुलाच्याच काळजीने सांगतो. डाउन सिंड्रोम असलेल्या काहींच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. अशाला कोलांटउडी मारायला लावली किंवा पाण्यात सूर मारायला लावला तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. तासाभरासाठी आलेल्याला हे कुठून माहीत असणार?

सिडकोची आई: मग आल्या आल्या सांगा ना त्यांना! डॉक्टरांनी काय करू नका म्हटलंय, ते मी लिहून देते. त्यासाठी दार कशाला बंद करायचं?

कॉलेजरोडची विद्यार्थिनी: गायब होणाऱ्यांत मीही आहे, परीक्षेत खरंच जमत नाही. पण स्पेशल ऑलिम्पिक्सच्या युनिफाइड प्रकारात दिव्यांग आणि बिगरदिव्यांग खेळाडू एकाच संघात खेळतात. आम्हाला शिकवायला न लावता संघात घ्या. फुटबॉलला आम्ही बारा महिने येऊ, कारण खेळायला आम्हालाही हवंच असतं.

पंचवटीकर: हे मान्य. खेळायला या, त्याला अट नाही. शिकवायचं असेल तर मात्र हंगाम पूर्ण करावाच लागेल, त्यावर मी ठाम आहे.

पीटी शिक्षक, सातपूर: आणि मी पगारावर.