प्रतिसाद: 'एलियन'चं संगीत नुसते आवाज नाहीत

वर एकांनी लिहिलंय की 'एलियन' (1979) या अवकाशातल्या भयपटाच्या संगीतात चाल अशी नाहीच, नुसते आवाज आहेत. मला हे पटत नाही.

संगीतकार जेरी गोल्डस्मिथ यांनी सुरुवातीच्या नामावलीसाठी आधी चांगली लांब, हुरहुर लावणारी चाल लिहिली होती. मुख्य स्वर ट्रम्पेटचा, अवकाशाचं गूढ आणि एकटेपण दाखवणारा. दिग्दर्शक रिडली स्कॉट यांना ती रुचली नाही, म्हणून दुसरी, तुटक आणि थंड सुरुवात लिहावी लागली. मूळ रचना नंतर ध्वनिमुद्रणाच्या स्वरूपात बाहेर आली. ती जरूर ऐका, आणि मग चित्रपट पुन्हा बघा.

आता त्या 'आवाजां'बद्दल. त्यातले बरेचसे खऱ्या वाद्यांतून आलेत! शंख, डिजेरिडू हे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं लांब नळीचं फुंकवाद्य, आणि सर्पंट हे नागमोडी आकाराचं जुनं युरोपीय फुंकवाद्य, हे सगळं पूर्ण वाद्यवृंदाच्या जोडीला आहे. त्यावर एकोप्लेक्स या टेप-यंत्राने प्रतिध्वनी चढवलाय. एकच सूर विरत विरत पुन्हा येत राहतो, आणि रिकाम्या बोळांतून काहीतरी सरकतंय असं वाटतं. वाद्य ओळखू येत नाही, पण फुंकणाऱ्याचा श्वास जाणवतो. भीती तिथेच आहे, असं मला वाटतं.

संकलनात मात्र या संगीतावर अन्याय झाला. काही प्रसंगांत गोल्डस्मिथ यांच्याच 'फ्रॉइड' (1962) या चित्रपटाच्या संगीताचे तुकडे घातले, आणि शेवटी अमेरिकन संगीतकार हॉवर्ड हॅन्सन यांची दुसरी सिंफनी. ती सुंदर आहे, पण तिथे गोल्डस्मिथ यांचाच शेवट हवा होता.