जुन्या उघड्या जीपची पुढची काच बदलायची आहे: काचच बसवावी की पॉलीकार्बोनेट?

केळीबाग_चोपडा:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ताडपत्रीच्या हूडची एक जुनी जीप आहे. तिच्या नोंदणीची 15 वर्षे पूर्ण झाली असून पुढच्या वर्षी तिला पुन्हा पासिंगसाठी न्यावे लागेल. एरवी ती चोपड्याहून सातपुड्याच्या पायथ्याच्या केळीच्या मळ्यापर्यंत धावते. सुगीची धावपळ ओसरली की आम्ही दोघे-तिघे मित्र तिला घेऊन डोंगरातल्या कच्च्या वाटांवर जातो.

बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर खडीने भरलेल्या डंपरच्या मागे असताना एक खडा उडाला आणि पुढच्या काचेला हरभऱ्याएवढा टवका गेला. मी त्याकडे दुर्लक्ष केले. पुढे आखाजीच्या सुमारास, भर दुपारी मळ्यात उभ्या असलेल्या गाडीच्या तापलेल्या काचेवर मी धूळ धुण्यासाठी विहिरीचे गार पाणी मारले आणि त्या टवक्यापासून निघालेला तडा माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. चूक माझीच, हे मान्य आहे.

आता आमच्याकडचा एक फॅब्रिकेशनवाला म्हणतो की काचेच्या भानगडीत न पडता 5 मिमी जाडीची पारदर्शक प्लास्टिक शीट कापून बसवू. ती फुटत नाही, हलकी असते आणि निम्म्या पैशांत काम होते. त्याचे म्हणणे पटण्यासारखे वाटते, परंतु आपल्याकडचे ऊन आणि धूळ पाहता मन कचरते. ज्यांनी असे प्लास्टिक प्रत्यक्ष वापरले आहे, त्यांचा अनुभव कळवावा. पासिंगच्या वेळी ते चालेल का, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

धुळे_काचकाम:

भाऊ, मी गाड्यांच्या काचा बसवण्याचेच काम करतो, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले आहे असे समजूनच वाचा.

तुमची काच फुटली असे आपण म्हणतो, पण ती फुटूनही चौकटीत राहिली आणि तुम्ही गाडी घरी आणू शकलात, हे लक्षात घ्या. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे काचेच्या दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या चिवट प्लास्टिकचा साधारण 0.76 मिमी जाडीचा थर दाबून बसवलेला असतो. खडा लागला की बहुधा बाहेरचाच पत्रा तडकतो. मोठा आघात झाला तरी तुकडे त्या थराला चिकटून राहतात. बाजूच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन केलेल्या असतात आणि त्या फुटल्या की सगळ्या काचेचा साबुदाणा होतो. टवका लागला त्याच आठवड्यात तुम्ही आला असता तर त्यात राळ भरून, अतिनील दिव्याखाली ती कडक करून काच वाचवता आली असती. आता तडा टोकापर्यंत गेल्याने तो मार्ग उरलेला नाही.

प्लास्टिकची खरी परीक्षा दगडाने होत नाही, वायपरने होते. पॉलीकार्बोनेट हे चिवट पारदर्शक प्लास्टिक दगडाला काचेपेक्षा कितीतरी चांगले तोंड देते, हे मी नाकारत नाही. पण त्याचा पृष्ठभाग मऊ असतो. आपल्याकडे उन्हाळाभर काचेवर जी धूळ बसते, तिच्यात रस्त्याची बारीक रेती आणि गारगोटीचा कण असतोच. गारगोटी काचेहूनही कठीण असल्यामुळे काचेवरसुद्धा वर्षानुवर्षे वायपरच्या कमानी उमटतात. मग प्लास्टिकची काय कथा? रोहिणीचा पहिला सडा पडतो, धुळीचा चिखल होतो आणि आपण घाईघाईने वायपर चालू करतो. त्या पाच मिनिटांत साध्या शीटवर जे ओरखडे पडतात, ते पुढे कशानेही पूर्ण निघत नाहीत. दिवसा त्यांचा त्रास होत नाही. रात्री समोरून ट्रकचे दिवे आले की प्रत्येक ओरखडा उजळतो आणि काही क्षण रस्ता दिसेनासा होतो. हार्ड कोटिंग, म्हणजे ओरखड्यांपासून वाचवणारा कडक थर दिलेली शीट मिळते आणि ती अधिक टिकते. पण ती घ्यायची ठरवली तर तुमच्या फॅब्रिकेशनवाल्याचे निम्म्या पैशांचे गणित राहत नाही.

तुमच्या जीपची काच सपाट आहे, ही जमेची बाजू समजा. वक्र काचेच्या गाड्यांना नेमकी त्याच मॉडेलची काच शोधावी लागते. सपाट काच मिळणे सोपे आणि स्वस्त असते. फक्त एक सावधगिरी बाळगा. इमारतींच्या कामासाठी जी लॅमिनेटेड काच येते, तिच्यातील मधला थर अनेकदा 0.38 मिमीचा, म्हणजे निम्माच असतो. काही जण तीच कापून जीपला बसवून देतात आणि दिसायला ती तशीच दिसते. गाडीसाठी बनवलेल्या काचेच्या कोपऱ्यात उत्पादकाचे नाव आणि आयएसआय चिन्ह कोरलेले असते. ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

तळोदा_डोंगरवाट:

वरील दादांचे म्हणणे रस्त्यावरच्या गाडीपुरते योग्य आहे, परंतु मी गेली दोन वर्षे पॉलीकार्बोनेट वापरत असल्यामुळे दुसरी बाजूही मांडतो. माझी ही गाडी रस्त्यावर धावत नाही. ती शेतात आणि खाजगी जागेतल्या खडकाळ वाटांवरच चालते, तिला वायपर नाही आणि तिचे प्लास्टिक पूर्ण उंचीचे नसून छातीपर्यंतच आहे. मी त्याच्या वरून पाहतो. बांबूच्या बेटातून जाताना वाकलेला बांबू सुटून सपकन पुढे येतो, बाभळीची फांदी आडवी लागते, किंवा पुढच्या गाडीच्या चाकातून मुठीएवढा दगड येतो. अशा ठिकाणी मला काचेपेक्षा पॉलीकार्बोनेटच हवे वाटते. वजनाचाही फरक जाणवतो. काचेची घनता पाण्याच्या अडीचपट, तर पॉलीकार्बोनेटची जेमतेम 1.2 पट असते, त्यामुळे समान जाडीत वजन निम्म्याहून कमी होते आणि चौकट पुढे पाडण्याच्या बिजागऱ्यांवरचा ताण हलका होतो.

मात्र माझा पहिला प्रयत्न पूर्ण फसला होता. पॉलीकार्बोनेट म्हणून एका दुकानदाराने मला जी शीट दिली, ती अ‍ॅक्रिलिक, म्हणजे दिसायला तसेच पण ठिसूळ प्लास्टिक निघाली. पहिल्याच कच्च्या वाटेवर स्क्रूच्या छिद्रापासून तडा गेला आणि तिसऱ्या दिवशी तिचा सुरीसारख्या धारेचा तुकडा बोनेटवर पडला. तेव्हापासून मी शीटची बोटभर रुंदीची कापटी मागून घेतो. ती हाताने दुमडली असता पॉलीकार्बोनेट वाकते. अ‍ॅक्रिलिक कट्कन तुटते. काडीने पेटवून पाहिले तर अ‍ॅक्रिलिक मेणबत्तीसारखे जळत राहते, तर पॉलीकार्बोनेट काळा धूर सोडते आणि ज्योत बाजूला केली की विझते. तुमचा फॅब्रिकेशनवाला नुसते ‘प्लास्टिक शीट’ म्हणत असेल तर आधी त्याला हाच प्रश्न विचारा.

दुसरी गोष्ट उन्हाची. पॉलीकार्बोनेट तापल्यावर काचेच्या जवळजवळ सातपट आणि लोखंडाच्या पाचपटीहून अधिक प्रसरण पावते. 1300 मिमी रुंदीची शीट धरा. पहाटेच्या 25 अंशांवरून उन्हात उभ्या गाडीत ती 65 अंशांवर गेली, तर सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबते. त्याच वेळी लोखंडी चौकट जेमतेम पाऊण मिलिमीटरच्या आत वाढते. छिद्रे स्क्रूच्या मापाचीच पाडली, तर दुपारी शीट फुगून समोरचे दृश्य लाटांसारखे दिसू लागते आणि पुढे छिद्रांभोवती बारीक तडे येतात. म्हणून छिद्रे लांबट पाडावीत, रबरी वायसर घालावेत आणि स्क्रू फार करकचून आवळू नयेत. नट ढिले होऊ नयेत म्हणून लावतात ते थ्रेडलॉकर मात्र चुकूनही वापरू नका. त्याच्या स्पर्शाने पॉलीकार्बोनेट तडकते. पेट्रोलचा बोळा, थिनर आणि अमोनियायुक्त काच-क्लीनर हेही तिचे वैरी आहेत. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्यायची आणि मगच साबणाच्या पाण्यात भिजवलेले मऊ फडके हलक्या हाताने फिरवायचे. कोरड्या फडक्याने धूळ झटकण्याची आपली सवय इथे महागात पडते.

जळगाव_कागदपत्र:

पासिंगच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम 100 मध्ये पुढच्या काचेसाठी लॅमिनेटेड सुरक्षा-काच सांगितलेली आहे आणि पुढच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, अशी अट आहे. बाजारातून कापून आणलेली साधी शीट त्यात बसत नाही. गैरसमज होतो तो याच नियमातल्या एका सवलतीमुळे. हूड आणि बाजूचे पडदे असलेल्या वाहनांच्या खिडक्यांना अ‍ॅक्रिलिक किंवा पारदर्शक प्लास्टिक चालते. तुमच्या ताडपत्रीला शिवलेल्या प्लास्टिकच्या खिडक्या म्हणूनच कायदेशीर आहेत. ती सवलत पुढच्या काचेला लागू होत नाही.

विम्याचीही एक बाजू आहे, जिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तुमचा विमा केवळ थर्ड पार्टी नसून स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारा असेल, तर नेहमीच्या पॉलिसीत काचेच्या भागांवर घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याबद्दलची रक्कम, कापला जात नाही. प्लास्टिक आणि रबरी भागांवर मात्र 50 टक्के कापला जातो. जुनी काच काढून टाकण्याआधी कंपनीला कळवा आणि तड्याचे छायाचित्र काढून ठेवा.

केळीबाग_चोपडा:

सर्वांचे आभार. कापटी दुमडण्याचा प्रयोग आजच करून पाहिला आणि ती कट्कन तुटली. फॅब्रिकेशनवाल्याला दोष देत नाही; तो ज्याच्याकडून शीट आणतो त्यानेच त्याला काय सांगितले असेल, कोण जाणे. रात्री अकरा-बारा वाजता केळीच्या गाड्या भरून मी याच जीपने परततो आणि समोरून सतत ट्रक येत असतात, त्यामुळे ओरखड्यांचा मुद्दा वाचल्यावर माझा निर्णय झाला. लॅमिनेटेड काचच बसवेन.

तरी एक शंका आहे. ही या गाडीची चार वर्षांतली दुसरी काच. पहिल्या वेळी खडाही लागला नव्हता आणि पाणीही मारले नव्हते. नाल्यातून तिरकी गाडी काढताना खालच्या कोपऱ्यातून आपोआप तडा गेला होता. नव्या काचेचेही तेच झाले तर?

धुळे_काचकाम:

हे आधी सांगितले असते तर मी सुरुवात इथूनच केली असती. कोपऱ्यातून आपोआप निघणारा तडा बहुतेक वेळा चौकटीचा असतो. पुढे पाडता येणाऱ्या चौकटीत खालच्या पन्हळीत पाणी साचते, बीडिंगखाली, म्हणजे काचेभोवतीच्या रबरी पट्टीखाली, गंज धरतो आणि गंजाचा पापुद्रा फुगून काचेच्या कडेला एकाच बिंदूवर दाबतो. त्यात नाल्यात एक चाक वर आणि एक खाली गेले की सगळी बॉडी पिळली जाते आणि तो पीळ काचेवर येतो. काच वाकत नाही. इथे प्लास्टिक तग धरते, हे तळोद्याच्या दादांच्या बाजूने मान्य करावे लागेल.

जुनी काच आणि बीडिंग काढल्यावर चौकट सपाट फरशीवर आडवी ठेवा. ती चारही कोपऱ्यांनी टेकते का, ते पाहा आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. कर्णांमध्ये फरक आला किंवा एखादा कोपरा अधांतरी राहिला, तर आधी चौकट सरळ करून घ्या. गंज घासून, प्रायमर आणि रंग लावून तो पूर्ण सुकू द्या. जुने बीडिंग आपल्या उन्हात लाकडासारखे कडक होते, ते पुन्हा वापरू नका. चौकटीच्या बिजागऱ्यांचे आणि बाजूच्या पकडींचे बोल्ट काच बसल्यानंतर सगळे सारखे आवळा. एकच बाजू आधी घट्ट केली तर गाडी जागेवर उभी असतानाच चौकटीत पीळ बसतो.

धुळ्याला आलात तर नुसती मापे आणू नका, चौकटच घेऊन या. जुन्या बीडिंगचा वीतभर तुकडाही बरोबर असू द्या, कारण या जीपांना दोन वेगवेगळ्या खाचांचे बीडिंग येते आणि फोनवरून ते ओळखता येत नाही.