मदत हवी आहे: या सात अक्षरांचे इंग्रजी शब्द (आज रात्रीपर्यंत!!)

रानजाई:
टी, आर, ए, आय, एन, ई, एल. ही अक्षरं असलेले पंधरा इंग्रजी शब्द हवेत. गूगल केलं तर जाहिरातींनी भरलेल्या साइट्स उघडतात आणि शब्द बघण्याआधी ॲप घ्या म्हणतात. मला ट्रेन आणि रेल सोडून काही सुचत नाहीये. कृपया पटापट सांगा, चर्चा नको.

टिंब_टिंब:
असलेले म्हणजे नक्की कसे? सातही अक्षरं शब्दात हवीत, की या सातांतलीच वापरायची? बाहेरचं अक्षर चालेल का?

रानजाई:
ही सात अक्षरं दिलीत ना वर. अजून काय सांगू?

टिंब_टिंब:
अहो, उत्तर त्यावरच ठरतं. बाहेरचं चालत असेल तर ट्रँगल, क्लॅरिनेट, टर्मिनल, इंटरव्हल, ओरिएंटल, रिलेशन. सगळ्यांत तुमची सातही आहेत आणि वर एकेक पाहुणं. चालत नसेल तर यातला एकही उपयोगाचा नाही.

खटपट्या:
लिनक्स किंवा मॅक असेल तर टर्मिनल उघडा (वरच्या यादीतलं नव्हे). शब्दांची फाइल बहुतेक मशीनवर आयतीच असते, यूएसआर, शेअर, डिक्ट अशा वाटेने गेलात की वर्ड्स नावाची. ग्रेप ही ओळी गाळणारी कमांड. एका ग्रेपला एक अक्षर, मध्ये पाइप (उभी रेघ, एकाचं उत्तर पुढच्याला देणारी), असे सात ग्रेप जोडा. सातही अक्षरं असलेले शब्द गाळून येतील. फक्त याच अक्षरांचे हवे असतील तर एकच ग्रेप पुरतो: चौकटी कंसात सातही अक्षरं, कंसाआधी कॅरेट, नंतर अधिक चिन्ह आणि डॉलर. ग्रेपला मोठ्या ई चा पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर अधिक चिन्ह तो अक्षरशः घेतो.

हिशेबनीस:
त्यांनी शब्द मागितलेत, तुम्ही सर्व्हर चालवायला बसवताय. एक्सेलमध्ये यादी पेस्ट करा, फिल्टर लावा, कंटेन्स निवडा. झालं.

खटपट्या:
कस्टम फिल्टरमध्ये अटी दोनच बसतात. उरलेली पाच अक्षरं कुठे घालणार?

हिशेबनीस:
सात मदतनीस कॉलम करायचे, प्रत्येकात एक सर्च.

खटपट्या:
म्हणजे माझे सात ग्रेपच की. फक्त तासभर जास्त.

रानजाई:
अहो, मी मोबाइलवर आहे!!

पोपटपंची:
पाचही स्वर ओळीने येणारा शब्द म्हणजे फॅसीशस. दुसरा ॲबस्टीमियस. शेवटी एल-वाय जोडलंत तर वायसुद्धा रांगेत येतो.

टिंब_टिंब:
पोपटराव, हे कोणी विचारलं?

जुना_खेळाडू:
लॅपटॉप वगैरे काही नको. स्क्रॅबल खेळणाऱ्याला ही सात अक्षरं हातात आली की तो गालात हसतो, कारण सातही ठोकळे एका डावात लागले की 50 गुण वरचे. रिलायंट, रेटिनल, एंट्रेल, लॅट्रिन, रॅटलाइन, ट्रेनेल. शेवटचे दोन जहाजावरचे: रॅटलाइन म्हणजे डोलकाठीकडे चढायच्या दोरखंडी शिडीची पायरी, ट्रेनेल म्हणजे लाकडी खुंटी.
आता पद्धत. अक्षरं ओळीत लिहू नका, गोल लिहा. ओळीत लिहिली की डोळा त्याच क्रमाला चिकटून बसतो. मग नेहमी जोडीने येणारी अक्षरं आधी धरा. आर-ई पुढे ठेवलंत की रिटेल, रिटेन, रेटिना, रिलायंट, रेटिनल एकामागे एक येतात. टी-आर धरलंत की ट्रेन, ट्रेल, ट्रायल.

खटपट्या:
इंटर्नल, इनर्शियल, ट्रायेनिअल राहिले. तिन्हींत सातही अक्षरं आहेत.

जुना_खेळाडू:
इंटर्नलमध्ये एन दोनदा. ठोकळा एकच आहे, दुसरा कुठून आणणार? इतर दोघांचंही तेच.

परदेशी_पाहुणी:
न्यूयॉर्क टाइम्सच्या स्पेलिंग बीमध्ये चालतं की! तिथे अक्षर कितीही वेळा घ्या, फक्त मधलं अक्षर प्रत्येक शब्दात हवं आणि शब्द निदान चार अक्षरी हवा. इकडे आमच्या घरी सकाळचा चहा त्यावरच होतो. ताई, तुमचं तेच आहे का?

रानजाई:
नाही हो, लेकीचं सहावीचं वर्कशीट आहे. फूल काढलंय, मध्ये आर आणि पाकळ्यांत बाकीची. प्रत्येक अक्षर एकदाच, चार अक्षरांहून छोटा शब्द नको, आर हवाच. चित्रावरून कळतंच की.

टिंब_टिंब:
कोणतं चित्र?

रानजाई:
अपलोड होत नाहीये, फाइल मोठी आहे म्हणतंय.

स्पष्टवक्ती:
राग मानू नका, पण सहावीतल्या मुलीचा गृहपाठ तिनेच करावा. पंधराऐवजी नऊ आणले तर आभाळ कोसळत नाही.

रानजाई:
तिने अकरा काढलेत, नंतर रडारड झाली. उद्या वही तपासणार आहेत, उरलेले चार तुम्ही आणून देता का?

वर्डलवेडा:
मी रोज पहिला शब्द स्लेट टाकतो. जॉश वॉर्डलने बनवलेला वर्डल, म्हणजे रोज पाच अक्षरी शब्द ओळखायचा खेळ, 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला, तेव्हापासून माझी साखळी...

टिंब_टिंब:
वर्डलसाठी वेगळा धागा आहे.
रानजाई, हे घ्या: ट्रेन, ट्रेल, ट्रायल, रेन, रेल, रेट, रेंट, निअर, रिअल, लर्न, अलर्ट, लेटर, लायनर, रिटेल, रेटिना. तिच्याकडे नसलेले चार निवडा.

हिशेबनीस:
लेटर चुकलं. त्यात टी दोनदा येतो.

टिंब_टिंब:
पत्र नव्हे हो, नंतरवालं लेटर. एल, ए, टी, ई, आर.

परदेशी_पाहुणी:
अवांतर: मराठीत असं फूल कसं करणार? आपल्या शब्दकोड्यात एका चौकोनात काना-मात्रा, जोडाक्षरासकट अख्खं अक्षर बसतं. म्हणजे क आणि का वेगळ्या पाकळ्यांत घालायचे का?

पोपटपंची:
फूल नाही, फुलबाग लागेल.

रानजाई:
लायनर, अलर्ट, लर्न आणि रेटिना तिच्याकडे नव्हते, लिहून झाले. खाली जादा गुणांसाठी एक रिकामी रेघ आहे, 'सातही अक्षरांचा एक शब्द'. लॅट्रिन लिहू का? ती ऐकल्यापासून हसतेय आणि तोच लिहायचा म्हणतेय.

जुना_खेळाडू:
शब्द शंभर टक्के बरोबर आहे. पण वर्गात मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं तर? रिलायंट लिहा.

स्पष्टवक्ती:
लॅट्रिनच लिहू द्या. निदान तो तरी तिने स्वतः निवडलाय.